मोगऱ्याच्या पैशाची कॅसेट

सरांचं भाषण मला आवडलं. पटलं मात्र त्यातलं जवळजवळ काहीच नाही, आणि हे तोंडावर सांगायची हिंमत त्या संध्याकाळी झाली नाही म्हणून हा लेख.

सर आता ऐंशीच्या घरात आहेत. वसईतल्या आमच्या गास गावच्या स्नेहमेळाव्यात दरवर्षी शेवटचं भाषण त्यांचं असतं, कारण त्यांच्यानंतर बोलायला कुणी उभं राहत नाही. या वर्षी विषय होता, आपल्या वाड्या ओस का पडल्या. सरांचं उत्तर तयार होतं. नव्वदीत गावात टीव्ही गेम आला, पोरं वाडीतून उठून पडद्यासमोर बसली आणि ती अजून उठलेली नाहीत. आई-बापांच्या घामाच्या पैशाचा तो पहिला चुराडा. तेव्हा कॉन्ट्रा होतं, आज रमी आहे. रोग तोच, नाव नवं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. शेजारीच सरांच्या पत्नी बसल्या होत्या.

दुसऱ्या कुठल्या खेळाचं नाव घेतलं असतं तर मी गप्प राहिलो असतो. पण कॉन्ट्राची कॅसेट ही मी स्वतःच्या कमाईतून घेतलेली पहिली वस्तू. त्याआधी स्वतःच्या पैशाने घेतलं होतं ते म्हणजे निर्मळच्या जत्रेतली सुकेळी आणि पेप्सीकोल्याच्या कांड्या, आणि तो पैसाही आजीचा. तेव्हा आरोपी नंबर एक मीच आहे असं समजून उत्तर देतो. सरांनी आम्हाला गणित शिकवलं, म्हणून हिशोबानेच देतो.

मे १९९८. पोखरणचे स्फोट झाले तो महिना. मी तेरा वर्षांचा, सातवी पास. कॅसेटची किंमत १८० रुपये. शेजारच्या वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडायला किलोमागे ८ रुपये मिळत. माझा वेग एका सकाळी सव्वा किलो. म्हणजे दिवसाचे १० रुपये, म्हणजे अठरा सकाळी. सर, पायऱ्या दाखवून सोडवलंय. गुण कापू नका.

ज्यांनी मोगरा फक्त गजऱ्यात पाहिला आहे त्यांना सव्वा किलो म्हणजे काय ते कळणार नाही. कळी वजनाला काहीच नसते. तागडीत मूठभर टाकली तरी पारडं हलत नाही. उमललेलं फूल चालत नाही, हिरवी कळी चालत नाही. पांढरी, टपोरी, आज संध्याकाळी उमलेल अशीच हवी. त्यामुळे नुसते हात चालवून भागत नाही, प्रत्येक कळीला डोळ्यांनी विचारावं लागतं. अंगठा आणि तर्जनीच्या नखात देठ धरून खुडायचं, डाव्या हाताची मूठ भरली की कमरेच्या फडक्यात टाकायचं. दव असतं तोवर बोटं गार, दव उडालं की मुंग्या. उजाडता सुरू करायचं आणि ऊन पाठीवर यायच्या आत संपवायचं, कारण माल दादरला जायचा असतो आणि दादरचा फुलबाजार कुणासाठी थांबत नाही. माझी मोठी बहीण त्याच वाडीत माझ्या दुप्पट वेगाने खुडायची. तिचे पैसे आईकडे जमा होत. वह्या, गणवेश, छत्री. माझे पैसे माझ्याकडे राहत. हे तेव्हा मला वावगं वाटलं नाही, घरात कुणालाच वाटलं नाही. यावर पुढे बोलायची वेळ येईल असं लेख सुरू करताना माझ्या डोक्यात नव्हतं.

तर मुद्दा. सर म्हणतात, टीव्ही गेमने पोरांना वाडीतून उठवलं. माझ्या बाबतीत उलटं घडलं. पप्पा सलग तीन उन्हाळे हाका मारून थकले, मी वाडीत फिरकलो नव्हतो. त्या मे महिन्यात पहाटे साडेपाचला मला उठवलं ते कॉन्ट्राने. नालासोपारा स्टेशनाबाहेरच्या पथारीवर मी ती कॅसेट पाहिली होती, पिवळ्या प्लॅस्टिकची, वर दोन बंदूकधाऱ्यांचं चित्र, आणि तिच्यासाठी मी मोगरा शिकलो. कुठली कळी आजची, कुठली उद्याची, हे ज्ञान माझ्याकडे आज जे काही आहे ते त्या अठरा सकाळचं. वाडीचा वैरी म्हणून ज्याला फासावर चढवताय, त्यानेच माझी वाडीशी ओळख करून दिली.

यंत्र माझं नव्हतं, तेही सांगून टाकतो. ते मामाने कुवेतहून आणलं होतं. आत बहात्तर खेळ आहेत असं खोक्यावर छापलेलं. मोजले तर बारा-तेरा, बाकीचे तेच रंग बदलून पुन्हा. सोबत एक बंदूक, तिने टीव्हीतली बदकं मारायची. टीव्हीच्या मागे वायर खोचून चॅनेल शोधत बसायचं, मुंग्या, मुंग्या, आणि मग एकदम निळं आकाश. आमच्या गल्लीत असं एकच यंत्र होतं, म्हणून खेळायला आठ-नऊ पोरं आणि बाकीचे बघे. एकट्याने खेळण्याची चैन कुणाला मिळालीच नाही. एक मेला की रिमोट दुसऱ्याकडे. आम्ही त्याला रिमोटच म्हणायचो. वीज तर कधी जाईल याचा नेम नव्हता. गेली की सगळं पहिल्यापासून, कारण केलेली प्रगती साठवून ठेवायची सोय त्या कॅसेटमध्ये नव्हती. वीज गेली की आम्ही बाहेर, आणि बाहेर म्हणजे वाडीतच. दुसरीकडे जायला गासमध्ये होतं काय? सर, दिवसाकाठी एका पोराच्या वाट्याला पाऊण तास यायचा. पाऊण तासाने गावची शेती बुडते हा हिशोब मला तुमच्या वर्गात कुणी शिकवला नव्हता.

शाळेत मात्र दुसरं काहीतरी शिकवलं होतं, आणि ते सर विसरले आहेत, मी विसरलेलो नाही. गृहपाठ केला नाही की आम्हाला एक ठरलेलं वाक्य ऐकायला मिळे: शिका, नाहीतर जन्मभर मोगरा खुडत बसाल. हे एकटे सर म्हणत नव्हते. सगळे म्हणत. घरी आई म्हणे, व्यासपीठावरून पाहुणे म्हणत. वाडी ही नापासांची जागा आहे, पास झालेल्याने चर्चगेट लोकल पकडायची असते, हे आमच्या पिढीच्या मनावर इतक्या प्रेमाने बिंबवलं गेलं की आम्ही खरोखरच पास झालो. बँकेत गेलो, विमा कंपनीत गेलो, आखातात गेलो, काही जहाजांवर गेलो. ज्याने आज्ञा पाळली त्यालाच आता विचारायचं, वाडी का सोडलीस? पप्पांना मी सोळाव्या वर्षी म्हणालो होतो की मला वाडीच करायची आहे. ते हसले नाहीत, रागावले. त्यांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. त्यांना पाणी दिसत होतं.

इथे थांबून पाण्याबद्दल बोललं पाहिजे, कारण वाड्या कशाने गेल्या याचं उत्तर तिथे आहे आणि भाषणात पाण्याचा थेंबही नव्हता. आमच्याकडची शेती समुद्राच्या काठावरची. खाली खारं पाणी, त्याच्यावर पावसाचं गोडं पाणी तरंगतं. विहिरीने ते वरचंवरचं काढायचं. पूर्वजांनी यासाठीच बावखलं खोदली. जमिनीतली माती काढून शेजारची वाडी उंच करायची, आणि जो खड्डा उरतो त्यात पावसाचं पाणी साठवून तेच जमिनीत मुरू द्यायचं. एका कामात दोन कामं. केळी, पानवेल, मोगरा, भाजी, सगळं या उसन्या गोडव्यावर. रहाटाने जेवढं निघत होतं तेवढं जमीन भरून देत होती. मग पंप आले. तेही एकवेळ ठीक होतं. पण ऐंशीच्या दशकात नालासोपारा आणि वसई रोडला इमारती उठू लागल्या, त्यांना नळाचं पाणी नव्हतं, आणि आमच्या विहिरींवर टँकर लागले. शेताला देऊन जे मिळत होतं त्याच्यापेक्षा टँकरवाल्याला देऊन जास्त मिळू लागलं. आपल्याच लोकांनी दिलं. बाहेरच्यांच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही. गोड्याची साय उपसली गेली आणि खालून खारं वर आलं. पानवेलीला खारं पाणी सोसत नाही. आधी पानं गेली, मग केळी बारीक झाली.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्यासोबतची माणसं ‘हरित वसई’च्या नावाने रस्त्यावर उतरली ती याच काळात, पाण्यासाठी आणि हिरव्या पट्ट्यासाठी. पुढे २०२० साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राने त्यांना लेखक म्हणून ओळखलं. आमच्याकडे ते आधी मोर्चातले फादर होते. त्यांच्या मोर्चात टीव्ही गेमविरुद्ध घोषणा दिल्याचं मला तरी आठवत नाही. घोषणा टँकरविरुद्ध होत्या, बिल्डरविरुद्ध होत्या. १९९० मध्ये सिडकोला इथलं नियोजन प्राधिकरण नेमलं, २००९ मध्ये महानगरपालिका आली, २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या पुढे गेली. एवढा सगळा पसारा एका बाजूला आणि एकशे ऐंशी रुपयांची पिवळी कॅसेट दुसऱ्या बाजूला ठेवा, सर, आणि तागडी उचला.

आणि बावखलं? गावात ती किती होती ते सरांना माझ्यापेक्षा जास्त आठवतं. एक तर अशा घरामागे होतं जिथे आम्ही शिकवणीला जायचो. त्यात कमळं होती, बेडूक इतके ओरडायचे की पाढे ऐकू येत नसत. आज तिथे चार गाड्या उभ्या असतात. ते कुणी बुजवलं हे मी लिहीत नाही. व्हिडिओ गेमने बुजवलं नाही एवढं नक्की.

आता सरांची एक गोष्ट मान्य करायची आहे, आणि ती मान्य केल्यावर त्यांचा ‘रोग तोच, नाव नवं’ हा मुद्दा जास्तच ढासळतो.

स्टेशनजवळ एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. पत्र्याची खोली, दारावर काळा पडदा, आत चार लाकडी यंत्रं आणि घामाचा वास. रुपयाचं नाणं टाकायचं आणि खेळायचं. तिथे ‘मुस्तफा’ होता. खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ मध्ये काढलेला. पण त्यातल्या पिवळ्या टोपीच्या माणसाचं नाव मुस्तफा, आणि महाराष्ट्रातल्या पोरांनी अख्ख्या खेळालाच ते नाव देऊन टाकलं. या पार्लरमध्ये पोरं बिघडली. होय, बिघडली. मी पप्पांच्या खिशातून दोनदा नाणी काढली ती या मुस्तफासाठी. एका मित्राने चर्चच्या जत्रेसाठी जमवलेली वर्गणी तिथे उडवली. चिडचिड, खोटं बोलणं, शाळा बुडवणं, सर जे जे म्हणाले ते सगळं मी त्या पडद्याआड पाहिलंय.

पण तिथे असं का व्हायचं? कारण ते यंत्र खेळ विकत नव्हतं, मरण पुढे ढकलण्याची मुदत विकत होतं. मालकाचं भाडं निघायचं असेल तर पोरगं दोन-तीन मिनिटांत मेलं पाहिजे. यंत्राच्या आत बारीक खटके असतात. किती जीव द्यायचे, खेळ किती अवघड करायचा, हे त्यावरून ठरवता येतं. पडद्यावर दहापासून उलटी मोजणी सुरू होते, नऊ, आठ, सात, आणि तेवढ्या वेळात दुसरं नाणं टाकलं तर जिथे मेलात तिथूनच पुढे. पोराचा हात खिशात जातो तो खेळाच्या आनंदाने जात नाही, त्या आकड्यांच्या भीतीने जातो.

कॉन्ट्रासुद्धा आधी नाण्याचाच खेळ होता. कोनामीने १९८७ मध्ये तो पार्लरसाठी काढला आणि १९८८ मध्ये घरच्या यंत्रासाठी पुन्हा रचला. घरच्या कॉन्ट्रात काय बदललं? नाणं गेलं. आणि नाणं गेल्याबरोबर तुम्हाला लवकर मारण्यात कुणाचा फायदा उरला नाही. इतकंच नाही, तर तीस जीव मिळवायची किल्ली कंपनीनेच आत ठेवून दिली: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए, स्टार्ट. ही किल्ली काझुहिसा हाशिमोतो नावाच्या माणसाने मुळात १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ हा दुसरा खेळ तपासताना केली, कारण स्वतः बनवलेला खेळ त्याला स्वतःलाच झेपेना. ती गासपर्यंत कशी पोचली देव जाणे. आमच्यातले काही जण ती जपमाळेच्या सुरात पुटपुटायचे. सर, तुम्हीच सांगा, कुठला दारूवाला गिऱ्हाइकाला तीस पेले फुकट मिळवायचा मंत्र सांगून ठेवतो?

आणि कॉन्ट्रा संपायचं. आठ पातळ्या. शेवटी एक धडधडणारं हृदय फोडायचं, हेलिकॉप्टर उडतं, बेट भस्म होतं, नावांची पाटी वर सरकते. हात बसला की अर्ध्या तासात सगळं. अख्खा खेळ १२८ किलोबाइटचा; आज मेळाव्याचा एक फोटो मोबाइलवर येतो तो याच्या कितीतरी पट मोठा. एका पावसाळ्यात आम्ही तो इतक्या वेळा संपवला की गणपतीपर्यंत कुणी त्याचं नाव काढेना. कॅसेट डब्यात गेली. हे व्यसन म्हणायचं तर राजेळी केळ्यांचा घड हेही व्यसनच. तोही संपेपर्यंत आम्ही दुसरं काही खात नव्हतो.

तेव्हा आजच्या रमीचं कूळ शोधायचंच असेल तर ते सापडेल, पण माझ्या डब्यात नाही. ते काळ्या पडद्यामागे सापडेल. मोबाइलवरचा तो खेळ फुकट मिळतो, याचा अर्थ तो तुम्हाला कधीच विकला जात नाही. विकला नाही म्हणजे संपत नाही. त्यात आजही ‘कॉइन’च आहे, शब्दसुद्धा बदललेला नाही. उलटी मोजणीही आहे: इतक्या मिनिटांत पैसे भरा, नाहीतर ही संधी गेली. फक्त पार्लरवाल्याला माझ्या खिशात एका वेळी पाच रुपयेच आहेत हे माहीत होतं. आताच्याला बँकेच्या खात्याचा दरवाजाच हाती दिलाय. माझ्या ओळखीतल्या एका घरात मुलाच्या या नादापायी ट्रॅक्टरचे हप्ते थकले. तो मुलगा १९९८ मध्ये जन्मलाही नव्हता. त्याने कॉन्ट्रा कधी पाहिलेलं नाही.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला नाही. कायद्याने त्याला फसलेला मानलं, गुन्हेगार मानलं नाही. आपल्या मेळाव्यात मात्र उलटं. पोरांना शिक्षा झाली, आणि खेळवणाऱ्यांचं नाव कुणी घेतलं नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचा सभागृहातला मोबाइल हाताळतानाचा व्हिडिओ फिरला. विरोधक म्हणाले रमी, ते म्हणाले आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेली जाहिरात बंद करत होतो. पुढे त्यांच्याकडचं कृषिखातं गेलं आणि क्रीडाखातं आलं. यावर मी विनोद करणार नाही, करायला काही शिल्लक ठेवलेलं नाही.

सरांनी न घेतलेला एक आक्षेप मीच घेतो, कारण तो त्यांच्या सगळ्या आक्षेपांपेक्षा भारी आहे. माझी कॅसेट चोरीची होती. कॉन्ट्रा कोनामीचं. मामाने आणलेलं यंत्र म्हणजे निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ ला जपानात आणलेल्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल, आतला सगळा कारभार काळ्या डांबरासारख्या एका थेंबाखाली दडवलेला. माझ्या १८० रुपयांतला एक पैसाही जपानला पोचला नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी मी घेतलीच असती, कारण अस्सल माल विकणारं दुकान मला नालासोपाऱ्यात कुणी दाखवलं नव्हतं. हा बचाव नाही. पोलिसात हाच बचाव करून पाहा, काय होतं ते. माझा भाचा अस्सल खेळ घेतो, कार्डाने पैसे भरून, आणि मला हसतो: मामा, तुझं सगळं बालपण डुप्लिकेट. त्याचं म्हणणं कायद्याने शंभर टक्के खरं आहे.

फक्त मी त्याला विचारलं, तू घेतलंस ते दाखव. तो म्हणाला, दाखवू काय, ते अकाउंटमध्ये आहे. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ नावाचा गाड्यांचा खेळ होता. लोकांनी पुरे पैसे मोजून घेतलेला. कंपनीने ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि त्या दिवसापासून तो घेतलेल्याला एकट्यानेसुद्धा चालवता येईना. युरोपात या प्रकाराविरुद्ध सह्यांची मोहीम निघाली, सह्या दहा लाखांवर गेल्या. म्हणजे अस्सल घेतलेल्याच्या हातात काही उरलं नाही आणि नकली घेतलेल्याच्या डब्यात कॅसेट आहे. याला न्याय म्हणत नाही मी. पण घेणं या शब्दाचा अर्थ मला माझ्या चोरीच्या मालाने शिकवला हे नाकारू कसा? सहा रुपये किलोने जी केळी विकली ती पुन्हा आमची नव्हती, आणि जी कॅसेट घेतली ती पुन्हा पथारीवाल्याची नव्हती. एवढा साधा व्यवहार. आई-बापांच्या पैशाचा चुराडा म्हणालात ना सर, तर त्यात आई-बापांचा रुपया नव्हता. अठरा सकाळी माझ्या, दहा रुपये रोज.

हा लेख इथवर लिहून मी मोठ्या बहिणीला वाचून दाखवला. ती लग्न होऊन उमराळ्याला असते, आणि आमच्या घरातली वाडी करणारी आता तीच एक, सासरची. ती पाटाचं पाणी वळवत होती, मी बांधावर बसून वाचत होतो. पाण्याच्या भागाला ती मान हलवत होती. शाळेतल्या वाक्याला हसली. मी कॅसेटच्या हिशोबाशी आलो तेव्हा ती फावडं टेकवून उभी राहिली आणि आमच्या कादोडी बोलीत जे म्हणाली त्याचा अर्थ असा: अठरा कुठल्या? तुला मध्ये कांजिण्या आल्या होत्या. शेवटच्या सहा सकाळी तू खाटेवर होतास आणि कॅसेट विकली जाईल म्हणून रडत होतास. तुझा सव्वा किलो मी खुडत होते, माझ्या मालाच्या वर.

मला हे आठवत नव्हतं. डाव्या भुवईवर कांजिण्यांचा व्रण आहे, तो रोज आरशात दिसतो, पण त्याचा आणि कॅसेटचा संबंध मी कधी लावला नव्हता. आईला फोन केला. आई म्हणाली, हो, सहा दिवस. आणि म्हणाली, तुला ते कुणी सांगायचं नाही असं ठरलं होतं, तू मोठ्या फुशारकीत होतास.

तेव्हा सर, हिशोबात दुरुस्ती. १८० पैकी १२० माझे, ६० तिचे. वर लिहिलेलं खोडत नाही, पायरी कुठे चुकली ते तुम्हाला दिसू दे. याने तुमची बाजू सावरत नाही, कारण साठ रुपयेही मोगऱ्याचेच होते. पण ‘स्वतःच्या पैशाने’ हे दोन शब्द मी सत्तावीस वर्षं जसे मिरवले तसे आता मिरवता येणार नाहीत. आणि एक. कॉन्ट्रात दोघांनी खेळायची सोय आहे, निळ्या पँटचा मी, लाल पँटची ती. रात्री पोरं घरी गेली की तिला खेळायला मिळायचं. तिसऱ्या पातळीवर धबधबा आहे, तिथे पडदा वर वर सरकतो, आणि जो पुढे उडी मारतो त्याच्यामुळे मागे राहिलेला खाली बुडून मरतो. मी दर वेळी पुढे उडी मारायचो.

मी तिला साठ रुपये देऊ केले. तिने मातीचे हात झटकले आणि विचारलं, कॅसेट चालते का अजून?

रविवारी मिस्सेनंतर ती येणार आहे. जुना डबा टीव्ही मी भंगारवाल्याकडून परत आणलाय.